संशय, सांत्वन आणि उपचार

१९८५ सालच्या उपवासकाळातील एका शनिवारी आमची धाकटी बहीण एकाच दुपारी तीन वेळा कुमसाराला गेली. त्या वर्षी ती दहावीच्या परीक्षेला बसली होती. पहिल्यांदा देवळातून परतली तेव्हा तिचा चेहरा मोकळा होता. परंतु केळीच्या वाडीपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच तिला आठवले की, एक गोष्ट सांगताना आपण ‘दोनदा’ म्हटले, प्रत्यक्षात ती तीनदा घडली असावी. ती माघारी गेली. दुसऱ्यांदा परतताना तिला वाटले की, दुरुस्ती सांगताना आपल्या मनात खरा पश्चात्ताप नव्हता, केवळ सुटकेची घाई होती. पुन्हा माघारी. त्या वेळचे फादर दयाळू होते. तिन्ही वेळा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. आई शेजारणीला म्हणाली, “पोर देवभीरू आहे.” आम्हां घरच्यांना तिचा थोडा अभिमानच वाटला.

त्यानंतर एकवीस वर्षांनी, २००६ साली, तिला योग्य तो उपचार मिळाला. मधल्या काळात आम्हांला जे प्रश्न पडले त्यांतील काही अजून सुटलेले नाहीत, आणि ते केवळ वैद्यकाचे नाहीत, म्हणून येथे मांडत आहोत. हे लेखन बहिणीच्या संमतीने केले आहे. मजकूर तिने वाचला असून दोन ठिकाणी खोडलाही आहे.

या विकाराला मराठीत ‘मंत्रचळ’ असा जुना आणि मोठा अचूक शब्द आहे. मनात नको असलेला विचार घुसतो, त्याने जीव कासावीस होतो, आणि ती कासाविशी शमवण्यासाठी माणूस एखादी कृती पुन्हा पुन्हा करतो. तो हात धुतो, कडी तपासतो, मोजतो, विचारतो. कृतीने क्षणभर बरे वाटते; पण त्या क्षणभराच्या सुटकेवरच विकार पोसला जातो, कारण कृती केली म्हणून संकट टळले अशी शिकवण मनाला मिळते. ही कृती नेहमी डोळ्यांना दिसतेच असे नाही. मनातल्या मनात ‘नमो मरिया’ पहिल्यापासून पुन्हा म्हणणे हीदेखील कृतीच. आमची बहीण जपमाळेच्या चौथ्या दशकावरून पहिल्या मण्याकडे परत येई, कारण तिसऱ्या दशकात मन भटकल्याची तिला शंका असे. ख्रिस्तप्रसादाचा एखादा कण बोटाला चिकटला असेल या भयाने ती देवळातून आल्यावर तासभर हात न्याहाळत बसे.

हा विकार ज्या घरात शिरतो त्या घरात जे पवित्र मानले जाते त्याचेच वस्त्र पांघरतो. सोवळे पाळणाऱ्या घरात तो विटाळाच्या शंकेच्या रूपाने येतो, मुसलमान घरात वुजू पुरी झाली की नाही या शंकेच्या रूपाने (तिकडे तिला ‘वस्वसा’ म्हणतात), आणि आमच्या घरात पापाच्या. फ्रॉइडने १९०७ साली अशा कृती आणि धार्मिक विधी यांच्यातील साम्यावर एक निबंध लिहिला, तेव्हापासून कित्येकांनी असा समज करून घेतला की धर्मच या रोगाचे कारण आहे. वस्तुतः ज्या घरात देवच नाही त्या घरात तोच रोग गॅसच्या शेगडीभोवती घुटमळतो. रोगाला वस्त्र हवे असते, एवढेच.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राला या दुखण्याची ओळख फार जुनी आहे. त्याला दिलेले ‘स्क्रूपल’ हे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आले त्याचा अर्थ लहान अणकुचीदार खडा, चपलेत शिरून पावलागणिक टोचणारा. आणि संतांनाही हा खडा चुकलेला नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२-२३ मध्ये मान्रेसा येथे काढलेल्या महिन्यांचे वर्णन पुढे आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. तेथे येण्यापूर्वीच त्यांनी मोन्सेरात येथे सबंध आयुष्याचा कुमसार लिहून काढून केला होता, तरी काहीतरी सांगायचे राहिले असे त्यांना वाटत राही. त्यांच्या धर्मगुरूंनी त्यांना आज्ञा केली की, मागील पापे पुन्हा सांगू नका, अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांगा. पण इग्नेशियसना तर सगळेच अगदी स्पष्ट वाटत होते! आज्ञेत ठेवलेल्या एका अपवादाने सबंध आज्ञाच गिळून टाकली. खोलीतील एका मोठ्या भगदाडातून स्वतःला झोकून द्यावे असेही त्यांच्या मनात आले. त्यांनी आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केले. अखेर धर्मगुरूंनी तो उपवास सोडायला लावला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी शंका परतल्या. आणि मग त्यांनी ठरवले की, मागील कोणतेही पाप यापुढे कुमसारात सांगायचे नाही. तेथून ते मोकळे झाले.

हा प्रसंग आम्ही लहानपणी प्रवचनातून ऐकला होता, एका संताची परीक्षा म्हणून. त्यात उपचार दडलेला आहे हे कोणी सांगितले नाही, आणि आम्हांलाही दिसले नाही.

आमच्या बहिणीचा प्रवास थोडक्यात सांगतो. प्रथम प्रार्थनासभा. तेथील भगिनींनी प्रेमाने तिच्या डोक्यावर हात ठेवले. एकीने मात्र हे दुष्टात्म्याचे काम असल्याचे निदान केले, आणि त्या दिवसापासून बहिणीच्या भयांत आणखी एकाची भर पडली. मग एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. १९९१ मध्ये मुंबईतील एका मानसोपचारतज्ज्ञांनी क्लोमिप्रामिन हे औषध लिहून दिले. ते या विकारावर खरोखर उपयोगी पडणारे औषध होते. पण त्याचा गुण यायला दहा-बारा आठवडे लागतात, आणि तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ हे त्रास पहिल्या आठवड्यातच सुरू होतात, ही गोष्ट कोणी समजावून सांगितली नाही. आम्हीही विचारले नाही. तिसऱ्या आठवड्यात “याने काही होत नाही” असे म्हणून आम्हीच ते बंद केले. योग्य उपचार हातात येऊन निसटला, तो असा. त्या चुकीचा मोठा वाटा आमचा आहे.

१९९८ ते २००० अशी दोन वर्षे ती दर आठवड्याला लोकलने एका समुपदेशिकेकडे जात असे. बाई सहृदय होत्या. बालपणाबद्दल, वडिलांच्या अकाली मृत्यूबद्दल, घरातील अबोल्याबद्दल त्यांनी बहिणीला बोलते केले. ती खूप रडली, वडिलांविषयीचा तिच्या मनातील एक जुना पीळ सुटला. मंत्रचळ मात्र तिळमात्र हलला नाही. उलट, आपण बाईंना सर्व काही पूर्णपणे सांगितले की नाही, ही एक नवी शंका सुरू झाली. बाईंकडे जाणे हाच दुसरा कुमसार झाला होता.

२००६ साली ज्या मानसशास्त्रज्ञ भगिनी भेटल्या त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले की, त्या कारणे शोधण्यात फारसा वेळ घालवणार नाहीत. त्यांची पद्धत वर्तनोपचाराची होती. १९६६ साली व्हिक्टर मेयर या लंडनमधील मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आज या विकारावरील मुख्य मानसोपचार मानली जाणारी पद्धत तेथून वाढत गेली. तत्त्व सोपे, आचरण महाकठीण. ज्याचे भय वाटते त्याला सामोरे जायचे, आणि भय शमवणारी कृती करायची नाही. भय चढते, आपण मरतो की काय असे वाटते, आणि कृती न करताही ते हळूहळू उतरते. उतरले नाही तरी ते सोसता येते असे कळते. भयांची एक शिडी करतात आणि खालच्या पायरीपासून आरंभ करतात. बहिणीची पहिली पायरी होती, जपमाळेत मन भटकले तरी पुढच्या मण्याकडे जाणे. वरची पायरी, शंका असतानाही रविवारी ख्रिस्तप्रसाद घेणे. मधल्या पायऱ्यांवर सात महिने गेले. त्याच सुमारास एका मानसोपचारतज्ज्ञांनी फ्लुओक्सेटिन सुरू केले, आणि या वेळी आम्ही बारा आठवडे मोजले.

येथे पहिला नैतिक प्रश्न उभा राहतो. “समजा, ते खरेच पाप असेल तर?” असे बहिणीने विचारले, तेव्हा त्या भगिनींनी “नाही, नाही” म्हटले नाही. त्या म्हणाल्या, “असू शकेल.” आणि थांबल्या. ज्या माणसाच्या दृष्टीने आत्म्याचे तारण ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, त्याला शंका उघडी ठेवून जगायला सांगणे हे वैद्यकाच्या अधिकारात बसते काय? आम्ही त्या वेळी रागावलो होतो. उपचार करणाऱ्या भगिनी हिंदू होत्या, हेही आमच्या रागात मिसळले असावे. आज ते कबूल करायला संकोच वाटतो.

राग शमल्यावर आम्ही नीतिशास्त्र शिकवलेल्या एका वृद्ध धर्मगुरूंकडे गेलो. त्यांनी आम्हांला संत अल्फोन्सस लिगोरी यांच्याकडे वळवले. १९५० साली कुमसार ऐकणाऱ्यांचे आश्रयदाते म्हणून घोषित झालेले हे संत स्वतः आयुष्यभर शंकांनी पिडलेले होते. नीतिशास्त्रातील जुना विचार असा की, ज्या नियमाचे अस्तित्वच संशयास्पद आहे तो बंधन घालत नाही. आणि ज्याचा विवेक असा सशंक झाला आहे त्याने आपल्या शंकांना न जुमानता वागावे, एकाच मार्गदर्शकाचे ऐकावे, जुने कुमसार पुन्हा करू नयेत. याला सवलत म्हणण्यापेक्षा कर्तव्यच म्हणावे लागेल, कारण शंकेची आज्ञा पाळणे म्हणजे विवेकाची आज्ञा पाळणे नव्हे. मेयरच्या कितीतरी आधी कुमसाराच्या जाळीमागे बसलेल्या अनुभवी माणसांना रोग कशावर पोसतो हे कळले होते, याचे आम्हांला नवल वाटले.

तरीही जुना आणि नवा उपाय एकच आहेत असे म्हणणे घाईचे होईल. जुन्या उपायात शंकेचे ओझे मार्गदर्शकाच्या खांद्यावर जाते: मी सांगतो म्हणून तू निश्चिंत हो, चूक असेल तर माझी. मंत्रचळ झालेला माणूस ते ओझे तेथे फार काळ राहू देत नाही. फादरांना मी सर्व नीट सांगितले होते का, ते नीट समजले का, असे त्याचे सुरू होते. नव्या उपायात ओझे कोणीच उचलत नाही; ते घेऊन चालायला शिकवले जाते. आमच्या मते हा अधिक कठोर उपाय श्रद्धेला अधिक जवळचा आहे. देवावर विश्वास टाकणे म्हणजे त्याच्याकडून पावती घेणे नव्हे, हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो; बहिणीला ते प्रत्यक्ष करावे लागले.

याला मर्यादा आहे. उपचारादरम्यान एका शिकाऊ सहायिकेने सुचवले की, बहिणीने एक पवित्र चित्र फाडावे म्हणजे भय पुरते मोडेल. बहिणीने नकार दिला. मुख्य भगिनींनी तिचीच बाजू घेतली आणि एक साधा दंडक सांगितला: तुमच्या गावातील सामान्य श्रद्धाळू माणूस जे सहज करतो तेवढेच तुला करायचे आहे, त्याहून अधिक नाही. सामान्य श्रद्धाळू माणूस मन भटकले तरी जपमाळ पुढे नेतो. तो चित्रे फाडत नाही. रुग्णाच्या श्रद्धेला रोगाचा भाग समजणारा उपचारक आणि रोगाला श्रद्धेचा भाग समजणारा धर्मगुरू हे दोघेही सारखेच नुकसान करतात. पोप बारावे पायस यांनी १३ एप्रिल १९५३ रोजी रोममध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे केलेल्या भाषणात हा भेद स्पष्ट केला होता: अपराधाची विवेकशून्य, रोगट भावना असू शकते हे त्यांनी मान्य केले, आणि खऱ्या अपराधाची जाणीव केवळ मानसशास्त्रीय उपायांनी पुसता येत नाही असेही बजावले. दोहोंपैकी समोर काय आहे हे ओळखणे हेच अवघड, आणि ते दोन शास्त्रांतील माणसे एकमेकांशी बोलल्याशिवाय साधत नाही.

दुसरा प्रश्न आईचा होता, आणि तो आम्हांला पहिल्यापेक्षा जड वाटतो. बहीण दिवसभर आईला विचारी, “यात पाप नाही ना?” आई म्हणे, “नाही ग बाय.” उपचाराच्या आरंभी हे प्रश्न वहीत मोजायला सांगितले होते. पहिल्या आठवड्याची संख्या १८३ निघाली. आई एकवीस वर्षे दिवसाला पंचवीस-तीस वेळा लेकीला धीर देत आली होती, आणि आता तिला सांगण्यात आले की तो धीर हेच विकाराचे अन्न आहे. उत्तर देऊ नका. “मला ठाऊक नाही” म्हणा. आई त्या खोलीत काही बोलली नाही. स्टेशनवर आल्यावर म्हणाली, “लेकराला धीर द्यायचा नाही, तर आई कशाला?”

या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. करुणा म्हणजे दुसऱ्याचे दुःख कमी करणे, अशी आपली समजूत असते. पण आत्ताचे दुःख कमी करण्याने उद्याचे वाढत असेल तर? दारूड्याला दारूसाठी पैसे न देणे आपल्याला पटते, कारण दारू वाईट दिसते. सांत्वन वाईट दिसत नाही. उत्तर नाकारलेल्या लेकीचा चेहरा पाहत स्वयंपाक करीत राहणे, हे आईने पुढे अनेक महिने केले. त्याला कठोरपणा म्हणावे की प्रेम, हे बाहेरून पाहणाऱ्याला ओळखता आले नसते. शेजारी तर तिला दगडच म्हणू लागले. बहिणीने स्वतः मागितले होते की मला उत्तर देऊ नका, एवढा एकच आधार आईपाशी होता. तो नसता, तर घरच्यांनी परस्पर ठरवून असे वागणे आम्हांला अन्याय्यच वाटले असते. मानसिक रुग्णाच्या संमतीला आपल्याकडे फार काळ किंमत नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्याने आपल्यावर कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार रुग्णाला दिला, पण घरातल्या स्वयंपाकघरापर्यंत कायदा पोहोचत नाही.

राहिला प्रश्न सोडून जाण्याचा. त्या सहृदय समुपदेशिकेला सोडताना बहिणीला कृतघ्न वाटले होते; खरे तर निघण्यास तिने वर्षभर उशीर केला तो याच कारणाने. उपचारकाची पद्धत महत्त्वाची की त्याच्याशी जुळणारे नाते, हा मानसशास्त्रातील जुना वाद आहे. १९३६ सालीच सॉल रोझेनझ्वाइग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडले होते की, निरनिराळ्या पद्धतींना सारखेच यश येते, तेव्हा त्या सर्वांत समान असलेले काहीतरी, विशेषतः उपचारकाचे व्यक्तिमत्त्व, काम करीत असावे. विषण्णतेच्या विकाराबाबत यात बरेच तथ्य आहे. तेथे अनेक संवादपद्धती जवळजवळ सारख्या उपयोगी ठरतात, आणि ज्याच्याशी आपले जुळते तो उपचारक शोधणे शहाणपणाचे असते. मंत्रचळाचे तसे नाही. येथे पद्धत चुकली तर चांगुलपणा पुरा पडत नाही. किंबहुना चांगला माणूस अधिक धीर देतो म्हणून अधिक अडकवतो. म्हणूनच “कोणता मानसोपचार चांगला?” या प्रश्नाआधी “दुखणे कोणते?” हा प्रश्न यायला हवा, आणि आमच्याकडे तो विचारलाच जात नव्हता.

बहिणीचे या बाबतीत आमच्याशी मतभेद आहेत. ती म्हणते, ती दोन वर्षे वाया गेली नाहीत. वडिलांविषयीचा पीळ सुटला नसता तर पुढचे बळ आले नसते. आम्हांला हे पटत नाही, पण दुखणे तिचे होते.

जे वाचक आज या शोधात असतील त्यांना व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. उपचारकाला पहिल्याच भेटीत विचारावे की हा विकार आपण कोणत्या पद्धतीने हाताळता, किती आठवड्यांनी काय बदल दिसावा, आणि तो दिसला नाही तर आपण काय करू. चांगला उपचारक या प्रश्नांनी दुखावत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती विचारण्यात उद्धटपणा नाही. पैशाची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील मानसोपचार विभाग आहेत, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा मराठीतही मिळते. तेथे सुरुवात होऊ शकते. आमच्या वेळी सुरुवातीलाच दार नव्हते.

बहीण आज सत्तावन्न वर्षांची आहे. ती पूर्ण बरी झाली असे म्हणता येणार नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या शनिवारी, ती कुमसाराला जाते, लिहून नेत नाही, आणि बाहेर आल्यावर मागे वळत नाही. निदान बहुतेक वेळा वळत नाही. २०२० साली देवळे बंद होती आणि हात धुणे हे सर्वांचेच कर्तव्य झाले होते, तेव्हा विकार पुन्हा उसळला. चार महिन्यांनी शिडी पुन्हा काढावी लागली, आणि या वेळी तिने ती स्वतःच लिहिली.

गेल्या पावसाळ्यात आम्ही घरी गेलो होतो. आई ओट्यापाशी बोंबील साफ करीत होती. बहीण आतून आली आणि बऱ्याच दिवसांनी तिने तो जुना प्रश्न विचारला. आईने वर पाहिले नाही. “मला ठाऊक नाही, बाय,” ती म्हणाली, “मीठ दे इकडे.” बहिणीने क्षणभर वाट पाहिली आणि मिठाची बरणी उचलली.